तीन महिने, हप्ता शून्य

त्याची बायको जाऊन चार महिने झाले होते. शेजारच्या जिन्यात राहणारा दातांचा डॉक्टर एका सकाळी त्याला फाटकाशी भेटला आणि अगदी सहज म्हणाला, "तुम्ही घर विकताय असं कानावर आलं. तळमजला आहे, मला दवाखान्याला बरा पडेल. अठ्ठावन्न लाख देतो. कर्ज किती शिल्लक आहे तेवढं सांगा, म्हणजे बँकेचे किती आणि तुमच्या हातात किती, ते बसून ठरवू."

"बघून सांगतो," तो म्हणाला.

घर विकायचा विचार त्याच्या मनात येऊन गेला होता, पण कुणाजवळ बोलल्याचं आठवत नव्हतं. बोललाही असेल. हल्ली आपण काय बोललो आणि काय नुसतं मनात म्हटलं, यातला फरक त्याला नीट कळत नसे, आणि कळावा असंही फारसं वाटत नसे.

तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. मागच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, नाकावर जड फ्रेम ठेवायची आणि एकामागून एक काचा बदलत विचारायचं, "आता बरं दिसतंय, की मघाशी?" मालकाने पंधरा दिवस सुट्टी घ्या म्हणून सांगितलं होतं. हा चौथ्या दिवशीच कामावर हजर झाला. घरात करण्यासारखं काही नव्हतं, आणि इथे हात आपोआप चालत. एखादी म्हातारी "दोन्ही सारखंच दिसतंय हो" म्हणून ओशाळायची, तर हा तिला धीर द्यायचा. त्याचा आवाज पूर्वीसारखाच होता, त्यामुळे कुणाला काही कळायचं नाही.

पैशाचं सगळं बायको पाहायची. रंगांच्या एका कंपनीत भांडाराचा हिशेब तिच्याकडे असायचा, आणि घरचाही तिच्याकडेच. त्याला एवढंच माहीत होतं की महिन्याच्या पाच तारखेला छत्तीस हजाराच्या आसपास हप्ता जातो आणि त्यात निम्म्याहून जास्त तिचा पगार असतो. ती गेल्यावर कंपनीने तिचे उरलेसुरले पैसे दिले. त्यातून चार हप्ते गेले. पाचवा जाईल, सहावा जाणार नाही, हे त्याला कुणी न सांगताही कळत होतं.

घरात तो आणि सासूबाई अशी दोनच माणसं. मूलबाळ नव्हतं. सासूबाई सात वर्षांपूर्वी स्वतःचं दोन खोल्यांचं घर विकून इथे आल्या होत्या. त्या घराचे आलेले चौदा लाख त्यांनी या घरात घातले आणि बाकीचे चाळीस बँकेने दिले. त्या पूर्वी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. आतल्या खोलीतून कुणी हाक मारली की अजूनही म्हणायच्या, "थांबा, जोडते." लेक गेल्यानंतरही म्हणायच्या. फक्त म्हटल्यावर हसायच्या नाहीत.

बँकेत फोन केला तर तिथली बाई म्हणाली की कागद मिळायला आठ-दहा दिवस लागतील. डॉक्टरला घाई होती. त्याला दुसरीही एक जागा सांगून आलेली होती. म्हणून शनिवारी दुपारी मेहुणी बसने आली. बायको थोरली, ही तिची धाकटी बहीण, म्हणून घरात तिला सगळे धाकटीच म्हणायचे. ती एका माल वाहतूक कंपनीत अकाउंट्स बघायची. तिने हातपाय धुतले, आईच्या गालाला हात लावला, आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

"बँकेची वाट कशाला बघायची, भाऊजी? दहा मिनिटांचं काम आहे. मूळ कर्ज चाळीस. व्याज?"

"नऊ टक्के. पहिल्यापासून नऊच."

"मुदत वीस वर्षं, म्हणजे दोनशे चाळीस हप्ते. पहिला कधी गेला?"

त्याने महिना सांगितला. धाकटीने बोटांवर वर्षं मोजली. "सत्त्याऐंशी झाले. राहिले एकशे त्रेपन्न. हप्ता पस्तीस हजार नऊशे एकोणनव्वद. बरोबर?"

"एकशे त्रेपन्न गुणिले छत्तीस हजार म्हणजे पंचावन्न लाख होतात," तो म्हणाला. दुकानात उभ्या उभ्या त्याने हा गुणाकार केला होता. "म्हणजे सगळं विकून हातात तीन उरतात."

"छे. ते महिन्यामहिन्याने रखडत दिले तर. आज एकदम दिले तर पुढच्या तेरा वर्षांचं व्याज आपण का द्यायचं? पुढच्या सगळ्या हप्त्यांची आज, या क्षणी काय किंमत आहे, ते काढायचं. तेच शिल्लक कर्ज. त्याला या हिशेबाच्या शीटमध्ये पीव्ही नावाचं फंक्शन असतं. इकडे बघा."

तो खुर्ची ओढून जवळ बसला. समोर सासूबाई मटार सोलत होत्या.

"आधी व्याजाचा दर. पण नऊ टक्के असं टाकायचं नाही, नऊ टक्के भागिले बारा. हप्ता महिन्याचा, तर व्याजही महिन्याचं. इथेच सगळे घसरतात. मग किती हप्ते राहिले ते, एकशे त्रेपन्न. मग हप्ता, आणि त्याच्या आधी वजाचं चिन्ह."

"वजा का?"

"पैसे आपल्या खिशातून जातात म्हणून."

"एवढं शिकलेलं यंत्र," सासूबाई मटारावरून नजर न काढता म्हणाल्या, "आणि हप्ता खिशातून जातो हे त्याला वेगळं सांगावं लागतं."

धाकटीने एंटर दाबलं. चौकटीत आकडा आला: बत्तीस लाख अडुसष्ट हजार आठशे सहा.

"आता उलट्या बाजूने ताळा करू," ती म्हणाली. तिने एफव्ही नावाचं दुसरं फंक्शन लावलं. यात मागून सुरुवात करायची. चाळीस लाख घेतले, सत्त्याऐंशी महिने व्याज चढत गेलं, दर महिन्याला हप्ता वजा होत गेला, तर आज काय उरतं. खालच्या चौकटीत तोच आकडा आला, वरखाली दहा-वीसचा फरक सोडला तर. "हप्त्यातले सुट्टे पैसे धरले नाहीत म्हणून तेवढं इकडेतिकडे. बसलं हे."

तो त्या आकड्याकडे बघत राहिला. "म्हणजे सात वर्षांत सातच लाख फिटले?"

"भरलेत एकतीस. फिटलेत सात. चोवीस व्याजात गेले." ती हे कामावरच्या सवयीने बोलून गेली आणि मग तिने सावरून घेतलं. "सुरुवातीला असंच असतं, भाऊजी. सगळ्यांचंच. पुढे पुढे मुद्दल भराभर उतरायला लागतं."

हे ऐकल्यावर आपल्याला राग येईल किंवा निदान वाईट तरी वाटेल, म्हणून त्याने थोडी वाट पाहिली. काही आलं नाही. दाताला भूल दिल्यावर गालाला हात लावून बघतात, आपला गाल आहे पण आपला नाही, तसं होतं ते, आणि गेले चार महिने तसंच होतं.

धाकटीने पुढची वजाबाकीही केली. अठ्ठावन्नातून बत्तीस अडुसष्ट गेले, उरले सव्वापंचवीस. "आईचे चौदा आईला परत. अकरा भाऊजींना. भाऊजी दुकानाजवळ एखादी छोटी खोली बघतील, आणि आई माझ्याकडे."

"मला कुणी विचारलं नाही अजून," सासूबाई म्हणाल्या.

"आता विचारतेच आहे ना, आई."

"हे विचारणं झालं? तू बेरीज सांगितलीस."

सासूबाईंनी टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळली आणि त्या आत गेल्या. धाकटीने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी पडद्याकडे बघत होते. रविवारी संध्याकाळच्या बसने ती परत गेली. जाताना ती शीट त्याला पाठवून गेली.

सोमवारी त्याने डॉक्टरला आकडा सांगून टाकला. आठवड्याने बँकेतून दुकानात फोन आला. कागद तयार होता आणि त्यावर शिल्लक तेहतीस लाख ऐंशी हजारांच्या वर होती. धाकटीच्या आकड्यापेक्षा एक लाख बारा हजारांनी जास्त.

"तुमचं काहीतरी चुकतंय," तो म्हणाला.

"थांबा हं, बघते." पलीकडे कळफलकाचा आवाज आला. "नाही सर, बरोबर आहे. तुमचे मधले तीन हप्ते थांबवलेले आहेत. आजारपणाच्या कारणाने. अर्ज तुम्हीच दिलाय."

"मी?"

"हो सर. तुम्ही स्वतः आला होतात."

"असेल," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

बाहेर एक बाई सोनेरी फ्रेम डोळ्यांवर चढवून आरशात बघत होती. तिला फ्रेम सैल होत होती. त्याने काड्या गरम करून कानामागे वळवून दिल्या, आणि ते करता करता त्याला आठवलं. थोरली पलंगावर डोळे मिटून पडली होती. झोपली असावी असं समजून तो वर्तमानपत्र उघडत होता, तेवढ्यात ती म्हणाली, "उद्या बँकेत जाऊन ये. तीन महिने थांबवता येतात. मी बोलून ठेवलंय, तुला नुसती सही करायची आहे." तो गेला असणार. बँक त्याला अजिबात आठवत नव्हती. परतताना तिच्यासाठी मऊ टूथब्रश घेतला होता, तो आठवत होता. हिरवा होता. दुकानदाराकडे सुट्टे नव्हते म्हणून दोन घ्यावे लागले होते.

दुपारी गिऱ्हाईक नसायचं. मालक जेवून पुढच्या खुर्चीत डुलक्या काढत होता. हा मागच्या खोलीतल्या संगणकावर बसला आणि धाकटीची शीट उघडली. सत्त्याऐंशी हप्ते सलग गेले असं धरून ती केली होती, आणि तसं झालेलं नव्हतं. त्याने सत्त्याऐंशीचे तीन तुकडे केले. आधी ऐंशी हप्ते नीट गेलेले. मग तीन महिने काहीच नाही. मग तो एकटा राहिल्यावरचे चार.

पहिला तुकडा सोपा होता. एफव्ही लावलं, ऐंशी महिने घातले, तेहतीस लाख सत्तेचाळीस हजारांच्या जवळपास आकडा आला. हाच आता दुसऱ्या तुकड्याची सुरुवात. दर तोच. महिने तीन. हप्त्याच्या जागी काय घालायचं याचा त्याने क्षणभर विचार केला आणि शून्य टाइप केलं.

मग त्याचा हात तिथेच राहिला.

ते तीन महिने त्याच्या डोक्यात एका लांबलचक दिवसासारखे होते. त्या दिवसाला सकाळ नव्हती की संध्याकाळ. हॉस्पिटलच्या लिफ्टबाहेरचा बाक, डब्याच्या झाकणाला सुटलेलं पाणी, कुणीतरी सारखं विचारतंय की तुम्ही त्यांचे कोण. त्यात कधी काय झालं हे त्याला सांगता आलं नसतं. इथे ते मोजलेले होते. एक, दोन, तीन. पहिल्या महिन्यात ती चिडायची. सूप गार आहे म्हणायची, आईला घरी जा म्हणायची, त्याचा शर्ट दोन दिवस तोच आहे म्हणून ओरडायची. दुसऱ्या महिन्यात फक्त ऐकायची. तिसऱ्यात तिने बँकेचं एकदाही विचारलं नाही. ते त्याच्या आत्ता लक्षात आलं.

त्याने एंटर दाबलं. तेहतीस लाख सत्तेचाळीसचे चौतीस लाख बावीस हजार झाले. मग शेवटचे चार हप्ते घातले आणि शिल्लक तेहतीस लाख ऐंशी हजार आठशेवर येऊन थांबली. बँकेने सांगितलेला आकडा त्याने पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतला होता. दोन्ही जुळत होते.

मालक जागा होऊन दारात आला. "काय करताय एवढं?"

"घराची शिल्लक जुळवत होतो."

"जुळली?"

"जुळली."

"मग बरं झालं," मालक म्हणाला. याच्या तोंडाकडे बघून तो चहा सांगायला गेला.

संध्याकाळी त्याने सासूबाईंना सांगितलं. त्या इस्त्री करत होत्या. लेकीची एक ओढणी त्या अजून दर आठवड्याला इस्त्री करून परत कपाटात ठेवायच्या, हे त्याला माहीत होतं आणि त्यावर तो कधी बोलत नसे.

"तीन महिन्यांचं व्याज चढलंय, आई. पंच्याहत्तर हजारांच्या वर. तेव्हा आपण हप्ते थांबवले होते."

"म्हणजे आपण काही भरत नव्हतो, तेव्हाही ते वाढतच होतं?"

"हो."

सासूबाईंनी इस्त्री उभी केली. "मला वाटलं होतं, सगळं जग थांबलं होतं," त्या म्हणाल्या. मग बटण बंद करत म्हणाल्या, "न विकता नाही का भागणार? हप्ता कमी करून घेतला तर?"

त्याने लॅपटॉप आणला. धाकटीने जाता जाता आणखी एक फंक्शन दाखवलं होतं: हप्ता इतकाच देऊ शकतो, तर कर्ज फिटायला किती महिने लागतील, ते सांगणारं. पगारातून घरखर्च काढून त्याच्याकडे चोवीस हजार उरत. त्याने चोवीस हजार घातले. चौकटीत आकडा आलाच नाही, चूक आहे एवढंच आलं. त्याने पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच.

"काय म्हणतंय?"

तो जरा वेळ बघत बसला, मग त्याच्या लक्षात आलं. "नुसतं महिन्याचं व्याजच सव्वापंचवीस हजारांच्या वर होतंय. चोवीसमध्ये ते कधीच फिटणार नाही. म्हणून उत्तरच देत नाहीये."

"माझ्या पेन्शनीतले आठ धरा त्यात."

"आई, तुमचे कशाला."

"धरा तर. धरायला काय पैसे पडतात?"

त्याने बत्तीस हजार केले. या वेळी उत्तर आलं: दोनशे दहा महिने. साडेसतरा वर्षं.

सासूबाईंनी खुर्चीला टेकून हिशेब केला. "म्हणजे मी नव्वदीला टेकेन. तोपर्यंत मला मरायचीसुद्धा परवानगी नाही." आणि त्या हसल्या. एकदाच, नाकातून आवाज काढून, अगदी थोरली हसायची तशा. त्याने दचकून वर पाहिलं. "आणि तुम्ही पासष्टीचे. रविवारीही लोकांच्या डोळ्यांत बॅटऱ्या मारत बसणार. नको. विकून टाका."

"नक्की?"

"तिलाही हे घर पुरतं कुठे मिळालं? विका."

त्याच वेळी धाकटीचा फोन आला. सासूबाईंनी तो टेबलावर ठेवून स्पीकर लावला. धाकटीने शीटची चौकशी केली, तीन महिन्यांचं ऐकल्यावर म्हणाली, "माझ्या डोक्यातच आलं नाही. मी विचारायला हवं होतं." आणि मग, "बरं, आई, तू कधी येतेस? मी मागची खोली रिकामी करायला घेतलीय."

"नको करूस. मी यांच्याबरोबर राहणार आहे."

"कुणाबरोबर?"

"जावयाबरोबर. अजून कुणी आहे का इथे?"

"आई, असं कसं? ताई नाही आता. भाऊजींनी तुला किती दिवस... म्हणजे त्यांचंही आयुष्य आहे. ते बोलणार नाहीत, पण तू तरी विचार कर."

"तुझ्याकडे आले तर मी पाहुणी होईन, गं. तुझा नवरा मला रोज विचारेल, आई, काही हवं का. मी रोज म्हणेन, काही नको. इथे मला भांडता येतं. हे भांडत नाहीत, पण ऐकून तरी घेतात."

धाकटी रडवेली झाली, रागावली, आणि उद्या बोलते म्हणून तिने फोन ठेवला. सासूबाईंनी इस्त्रीचं बटण पुन्हा दाबलं. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या.

"तुम्हाला अडचण असेल तर सांगा," त्या म्हणाल्या. "तिच्यासमोर विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हटलं असतं तर मला तिच्यासमोर ऐकावं लागलं असतं."

"मला सांभाळायला जमेल का, माहीत नाही, आई. माझ्या काही लक्षात राहत नाही. बँकेत जाऊन सही करून आलो, तेही विसरलो."

"माझ्या राहतं लक्षात. तुमच्या पायांत बळ आहे. तेवढ्यावर भागेल."

"बरं," तो म्हणाला. गेल्या चार महिन्यांत त्याने हा शब्द शेकडो वेळा उच्चारला होता. या वेळी तो त्याने विचार करून उच्चारला, आणि हे त्याचं त्याला जाणवलं.

व्यवहाराच्या दिवशी डॉक्टर जरा कुरकुरला. "तुम्ही बत्तीस अडुसष्ट म्हणाला होतात."

"तीन महिने धरायचे राहिले होते."

"मला काय, माझे अठ्ठावन्नच. तुमच्या हातात तेवढे कमी पडणार, एवढंच." तो बोलून गेला आणि मग त्याला कोणते तीन महिने ते कळलं असावं, कारण त्याने चष्मा काढून पुसायला घेतला.

बँकेतल्या बाईने पैसे आल्यावर पडदा वळवून दाखवला. शिल्लक शून्य. आपल्याला हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. भूक लागल्यासारखं झालं, एवढंच. सासूबाईंनी त्यांचे चौदा लाख सरळ घ्यायला नकार दिला. बराच वाद झाला. म्हणजे त्या बोलत होत्या आणि तो मान डोलवत नव्हता. शेवटी ते दोघांच्या नावाने बँकेत ठेवायचे असं ठरलं. धाकटी त्याच्याशी बोलत होती, पण आईशी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी ती सामान हलवायला रजा टाकून आली, आणि भांडी कागदात गुंडाळताना आईशी भांडली. मग बरं झालं.

नवी जागा दुकानाच्या मागच्या गल्लीत होती. दोन खोल्या आणि एक अरुंद स्वयंपाकघर, भाड्याचं. पहिल्याच रविवारी ओट्याखालचा पाइप गळायला लागला. तो दुपारी जमिनीवर अंथरूण टाकून झोपला होता. सामान लावायचं होतं, पण पडल्या पडल्या डोळा लागला होता. जाग आली ती सासूबाईंच्या आवाजाने. त्या प्लंबरला सांगत होत्या की वायसर बदलून भागणार नाही, गळती वरच्या जोडातून आहे. प्लंबर म्हणत होता, आजी, तुम्हाला काय कळतंय त्यातलं. त्या म्हणत होत्या, मला कळत नाही, पण पाणी कुठून पडतंय ते दिसतं, जावयाने चष्मा चांगला करून दिलाय.

तो उठला. अर्धवट उघडलेल्या खोक्यांमधून वाट काढत स्वयंपाकघरात गेला. प्लंबर ओट्याखाली आडवा पडला होता, आणि आत उजेड पुरत नव्हता. त्याने खिशातून फोन काढला, टॉर्च लावला आणि गुडघ्यांवर बसून आत धरला.

"आणखी वर घ्या," प्लंबर म्हणाला.

त्याने हात वर घेतला. पाणी वरच्या जोडातूनच येत होतं.